तंबूत मुलींचीही जागा

'माझी सहल' हा निबंध दिला की वह्या तपासताना आम्हा शिक्षकांना दरवर्षी एकच गोष्ट दिसते. मुलगे धरण, डोंगर, नदीतले पोहणे लिहितात. मुली बहुधा मामाकडचे लग्न लिहितात. त्यांना लिहिता येत नाही असे नाही. त्यांना नेलेलेच नसते. पालकांना विचारले तर उत्तर ठरलेले असते: जंगलात, पाण्याकाठी, रात्रीच्या वेळी मुलींना कसे न्यायचे?

ही काळजी खोटी नाही. पण काळजीपोटी मुलींना घरी ठेवायचे आणि मुलग्यांना कसलीही माहिती न देता मित्रांबरोबर धरणावर सोडायचे, यात शहाणपण कोणते? पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही. त्यापेक्षा दोन-तीन कुटुंबांनी मिळून, आई-वडील आणि सगळी मुले बरोबर घेऊन जावे. तीन वर्षांपासून आम्ही हेच करतो.

आपल्याकडे यासाठी भंडारदरा सोयीचे. मुंबई किंवा नाशिकहून घोटीला यावे, तिथून बारी गावावरून, कळसूबाईच्या पायथ्याने रस्ता धरणापाशी शेंडी गावात जातो. प्रवरा नदीवरचे हे धरण 1910 साली सुरू होऊन 1926 साली पूर्ण झाले. समोर 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, पलीकडे रतनगड आणि भोवती अभयारण्याचे जंगल. गावकरी आपल्या शेतात तंबू लावून देतात, पिठले-भाकरी करून देतात. अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी असलेल्या जागीच मुक्काम करावा. कुटुंबासाठी तेच बरे, कारण हाकेच्या अंतरावर गाव असते.

आता पाण्याविषयी. धरणाचा तलाव हा गावातल्या तळ्यासारखा नसतो. ती बुडालेली दरी असते. काठावर गुडघाभर पाणी दिसते आणि दोन पावलांवर उतार एकदम तुटतो. तळाला गाळ असतो, त्यात पाय रुततो. सलवार, साडी, बुरखा भिजला की अंगावर ओझे होते. म्हणून तंबू काठापासून निदान 60 मीटर लांब आणि उंचावर असावा. नदीच्या कोरड्या पात्रात तर कधीच लावू नये, कारण वरच्या धरणातून पाणी सोडले की पात्र बघता बघता भरते. झुडपांना अडकलेले वाळके गवत दिसले की समजावे, पाणी इथवर येऊन गेले आहे.

आम्ही आळीपाळीने एका मोठ्या माणसाला पाण्याचा राखणदार नेमतो. त्याच्या हातात मोबाइल नसतो. कोणी पडलेच तर मागून उडी मारायची नाही, हे मुलांकडून घोकून घेतो. दोर, गाठी मारलेल्या ओढण्या किंवा बूच लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकायचा आणि ओरडून माणसे गोळा करायची.

फजरच्या अंधारात काठावर बसून वुजू करणे सर्वांत धोक्याचे. दगड दवाने निसरडे झालेले असतात. रात्रीच बादल्या भरून तंबूपाशी ठेवाव्यात आणि लोट्याने वुजू करावे. वाहत्या नदीकाठीही वुजूचे पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्याला आहेच. आपल्या भागातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे येतो. संध्याकाळी मावळता सूर्य पाहून जागा ठरवून ठेवली की पहाटे शोधाशोध होत नाही. पडद्यासाठी चार बांबू आणि जाड चादरींची कनात पुरते. स्त्रियांचा तंबू मध्ये, पुरुषांचे दोन्ही बाजूंना.

थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही घेऊ नयेत. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. कांबळी, गोधड्या जास्त न्याव्यात. तंबूची चेन सतत बंद ठेवावी. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्याला चावते आणि दंश फारसा दुखतही नाही. सकाळी बूट झटकूनच पायात घालावेत. सर्पदंश झाला तर कापणे, आवळून बांधणे, मांत्रिक शोधणे यात एक मिनिटही घालवू नये. हात-पाय न हलवता 108 ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे. फोनला रेंज कुठे मिळते, हे पोहोचल्याबरोबर पाहून ठेवावे.

आणखी एक अट. आईने इथेही चुलीपाशीच बसायचे असेल तर तिची सहल झाली कुठे? खिमा घरून शिजवून न्यावा, रात्री खिचडी लावावी. भांडी मुलग्यांनी घासावीत, राख लावून, तलावापासून लांब. तलावाचे पाणी खाली कोणाच्या तरी हंड्यात जाते. कचरा पिशवीत भरून परत आणावा.

इतके केले की रात्र आपली. हिवाळ्यात जेवणे उरकली की डोक्यावर बारीक ताऱ्यांचा झुबका दिसतो. मराठीत त्या कृत्तिका, अरबी-उर्दूत सुरैया. आपल्या घराघरांत या नावाच्या मुली आहेत, पण शहराच्या उजेडात त्यांनी आपले नाव आकाशात पाहिलेले नसते. मागून येणारा तांबूस तारा म्हणजे रोहिणी. अरबांनी त्याला 'दबरान' म्हटले, म्हणजे मागून येणारा. वर्गात हे दहा वेळा शिकवले तरी ध्यानात राहत नाही. तिथे एकदा बोट दाखवले की पुरते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याची झाडे काजव्यांनी लखलखतात, पण तेव्हा गर्दी फार आणि वादळी पावसाचा भरवसा नसतो. पहिल्यांदा एकाच रात्रीचा बेत करावा. त्याआधी एका रविवारी गच्चीवर किंवा अंगणात तंबू ठोकून पाहावा आणि तो ठोकायचे काम मुलींना द्यावे. खुंटी कशी तिरपी मारायची, दोरी किती ताणायची, हे त्यांना आले की जंगलात त्या कोणाच्या आधारावर राहणार नाहीत, उलट लहान भावंडांना सांभाळतील. येत्या सुटीत इन्शाअल्लाह आपल्या घरचा तंबू पडावा आणि शाळा उघडल्यावर मुलींच्या वहीत आम्हाला तो वाचायला मिळावा.