फिश टँकमधले मासे लवकर का मरतात?



वाढदिवसाला मुलांना फिश टँक घेऊन देणारे पालक बरेच असतात. टँक येतो, त्याच दिवशी पाणी भरतात आणि संध्याकाळी आठ-दहा मासे सोडतात. आठ-पंधरा दिवसांत एकेक मासा मरायला लागतो. मूल रडतं आणि घरातले म्हणतात, "दुकानदाराने आजारी मासे दिले." पण बऱ्याचदा दोष पाण्याचा असतो. दिसायला अगदी स्वच्छ पाणीही माशांसाठी विषारी असू शकतं. ते कसं, हे समजून घेऊया.

पाण्यात काय घडतं?

माशांच्या कल्ल्यांमधून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो थोडासा असला तरी कल्ल्यांना इजा होते. तळ्यात पाणी भरपूर असतं आणि अमोनिया संपवणारे जीवाणूही असतात. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच! मग दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते खूपच कमी घातक असतं. हेच आपल्या पुस्तकातलं नायट्रोजन चक्र.

नव्या टँकमध्ये हे जीवाणू जवळजवळ नसतातच. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या वाळूवर ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

मग करायचं काय?

१. टँक मोठा घ्या. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टँकमध्ये सुमारे ५५ लिटर पाणी मावतं. काचेचा छोटा गोल बाऊल टाळा, त्यात पाणी पटकन खराब होतं.

२. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मासे आणि जीवाणू दोघांनाही मारतं. दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन वापरा.

३. मासे न सोडता फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट आधी वाढून मग शून्यावर आले, की आधी दोन-तीनच गप्पी किंवा मोली सोडा.

४. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस ठेवा. थंडीत हीटर लागू शकतो. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा आहे, त्याला यांच्यासोबत ठेवू नका.

५. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या.

सगळं पाणी बदलू नका

आपल्याकडे महिन्यातून एकदा टँक रिकामा करून घासून-पुसून धुतात. यात मेहनतीने वाढलेले जीवाणूच वाहून जातात आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्याऐवजी दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. साबण तर अजिबात नको.

मुलांना सोबत घ्या

एका वहीत तारीख, तापमान, टेस्टचे आकडे आणि किती खाद्य दिलं, हे मुलांनाच लिहू द्या. एखादा मासा मेलाच, तर "जाऊ दे, दुसरा आणू" असं लगेच म्हणू नका. आधी मुलासोबत वही उघडा आणि कारण शोधा. दुसऱ्या जिवाची जबाबदारी घेणं म्हणजे काय, हे मुलाला तिथेच समजतं.