पाचावर टेकलेली पेन्सिल

युनिसेफने २०२० साली संपन्न देशांतील मुलांच्या सुस्थितीचा जो ताळेबंद मांडला, त्यात ३८ देशांमध्ये जपानचा क्रमांक शारीरिक आरोग्यात पहिला आणि मनःस्वास्थ्यात सदतिसावा लागला. हा सदतिसावा क्रमांक दोन आकड्यांवर बेतलेला होता: एक किशोरवयीनांच्या आत्महत्यांचा, ज्यापुढे शब्दच्छल चालत नाही, आणि दुसरा, पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आयुष्याविषयीच्या समाधानाला शून्य ते दहापर्यंत दिलेल्या गुणांचा. पाचाहून अधिक गुण देईल तो समाधानी, असा दंडक होता. जपानात असे सुमारे ६२ टक्के निघाले.

मी अडखळतो तो या पाचाशी. जपान, तैवान, अमेरिका व कॅनडा येथील विद्यार्थ्यांच्या उत्तरांची तुलना १९९५ साली प्रसिद्ध झाली, तीत जपानी व तैवानी मुले मधल्या पर्यायावर, तर अमेरिकन मुले टोकाच्या पर्यायांवर अधिक वेळा खूण करतात असे आढळले. फरक लहान होता, सरासरीची तुलना त्याने बिघडत नव्हती, हेही त्या अभ्यासकांनी प्रांजळपणे नोंदवले. परंतु सरासरी काढणे निराळे आणि नेमक्या मध्यावर कुंपण घालून अलीकडचे-पलीकडचे मोजणे निराळे. जपानी प्रश्नावलीत मधल्या चौकोनाला पुष्कळदा ‘दोचिरा तोमो इएनाई’, म्हणजे ‘धड असेही म्हणवत नाही, तसेही नाही’, असे शब्द असतात. आपण सुखी आहोत हे कागदावर ठासून लिहायला जो संकोचतो, त्याला ते आयतेच सापडतात. अशाच संकोचाने जर कोणाची पेन्सिल पाचावर टेकली, तर हिशेबात ती असमाधानाच्या खात्यावर जमा होते.

म्हणून परभाषेतील प्रश्नावलीची आधी शहानिशा करावी लागते. तर्जुमा करायचा, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून तो उलट इंग्रजीत आणवायचा, चारदोन मुलांना समोर बसवून प्रत्येक वाक्यातून काय उमगले ते विचारायचे, मग शेकडोंकडून ती भरून घेऊन वाक्यांचा आपसांत मेळ बसतो की नाही हे गणिताने पडताळायचे. आणि उत्तरे टिकतात का हे पाहायला काही आठवड्यांनी पुन्हा तीच विचारायची, मात्र मध्ये मुलांचे मन ढवळणारी जपानमधली फेब्रुवारीतली प्रवेशपरीक्षा येऊ न देता.

इतके करूनही शब्द दगा देतात. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची आत्मसन्मानाची दहा वाक्यांची मोजपट्टी न्यूयॉर्क राज्यातील शाळकरी मुलांवरच घडलेली. तिच्यातील एका वाक्याचा आशय असा, की स्वतःविषयी अधिक आदर वाटता तर बरे होते. त्याला होकार देणाऱ्याचे गुण कमी धरायचे. त्याच्या १९८२ च्या जपानी तर्जुम्यात शब्दशः चूक म्हणावी अशी काही झाली नाही. पण स्वतःचा अधिक आदर करता यावा ही इच्छा जपानी वाचकाला न्यूनतेची कबुली न वाटता उन्नतीची उमेद वाटू शकते, आणि मग होकार द्यायला कोण कचरेल? उरलेल्या नऊ वाक्यांशी त्याचा सूर जुळेना. कित्येक संशोधक ते गाळून नवांचीच बेरीज करतात, आणि ती बेरीज अमेरिकेतल्या दहांच्या बेरजेशी सरळ ताडून पाहता येत नाही.