रेसची दांडी आणि गिअर

नांगरटीच्या दिवसांत सोलापूर जिल्ह्यांतील कोणत्याही शिवाराकडे कान दिला असतां, ट्रॅक्टरच्या आवाजावरून चालकाची पारख करतां येते. कोणाचें इंजिन भरल्या सुरांत सारखें चालतें; कोणाचें रिकामी ट्रॉली ओढतांनाही किंचाळत असतें; तर कोणाचें नांगराच्या ओढीखालीं दबून काळा धूर ओकत असतें. यंत्र एकाच जातीचें, रान शेजारचें, पण डिझेलचा खर्च मात्र निरनिराळा! रेस व गिअर यांचा मेळ कोणास साधला आणि कोणास साधला नाहीं, हें याचें एक मोठें कारण होय. त्या मेळाविषयीं आमच्या शेतकरी बंधूंस चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा मेळ यंत्रानेंच आपोआप घालावा, अशा हेतूनें अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९३९ सालीं ‘हायड्रामॅटिक’ नांवाची गिअरपेटी बाहेर काढली व ती १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींस बसविली. या जातीच्या पेटींत एक झडप असते, व तिच्यावर दोन बाजूंनीं तेलाचा दाब पडतो. गाडीचा वेग वाढेल तसा एका बाजूचा दाब वाढतो. दुसऱ्या बाजूचा दाब, पायाखालच्या रेसपासून पेटीपर्यंत नेलेली एक दांडी वाढविते. वेगाचा दाब वरचढ झाला कीं वरचा गिअर पडतो; रेसचा दाब वरचढ असेल तोंवर खालचा गिअर टिकतो. म्हणून सपाट रस्त्यावर हलक्या पायानें चालविल्यास वरचा गिअर लवकर येतो, आणि चढणीवर रेस जोरानें दाबल्यास तो उशिरां येतो. गाडी किती धांवते एवढेंच नव्हे, तर तिच्यावर ओझें किती आहे, हेंही त्या दांडीमुळें पेटीस कळतें.

पुढें दांडीच्या जागीं तारेची केबल आली. १९८२ सालच्या मोटारींत आलेल्या याच कंपनीच्या ७००-आर४ या पेटींत ती होती. केबल ढिली राहिली तर पेटीस ओझें हलकें भासे, आंतील तेलाचा दाब कमी पडे, आणि क्लचच्या चकत्या घसरून जळून जात. ती फार ताठ बसविली तर गिअर उशिरां व धक्क्यानें पडत. आतां बहुतेक ठिकाणीं हें काम विजेच्या तारा व संगणक करितात. आपल्या देशांतही २०१४ सालीं मारुतीची सेलेरिओ आपोआप गिअर बदलणाऱ्या योजनेसह बाजारांत आली, व ही सोय सामान्य माणसाच्या मोटारींत शिरली.

आमच्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांत मात्र गिअर हातानेंच टाकावा लागतो. त्यामुळें रेस व गिअर यांस जोडणारी दांडी म्हणजे चालक स्वतःच होय! अर्धें काम गव्हर्नर करितो. हातरेस ओढल्यानें डिझेल सरळ वाढत नाहीं. इंजिनाचे फेरे किती राखावयाचे, एवढेंच गव्हर्नरास कळतें. आमच्या जिल्ह्यांत एकाच तासांत मुरमाड पट्टा संपून खोल काळी जमीन लागते. फाळास ओढ बसून फेरे किंचित् उतरतांच गव्हर्नरचीं फिरतीं वजनें आंत येतात, त्यांस जोडलेली दांडी डिझेलपंपाची रॅक सरकविते, आणि इंजिनास अधिक डिझेल मिळतें. परंतु गिअर निवडणें गव्हर्नरच्या हातीं नाहीं.

यास्तव पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. कुळवणी, पेरणी यांसारख्या हलक्या कामांत वरचा गिअर व कमी रेस ठेवावी. तेवढेंच काम थोड्या डिझेलांत होतें. काम चालू असतां रेस थोडी वाढवून पाहावी. इंजिनानें धूर न ओकतां लगेच उचल घेतली, तर शक्ति शिल्लक आहे असें समजावें. उचल न घेतां काळा धूर येऊं लागला, तर ओझें जास्त झालें; ट्रॅक्टर थांबवून खालचा गिअर टाकावा. डाळिंबावरील फवारणी यंत्र किंवा रोटाव्हेटर पी. टी. ओ. वर चालवितांना मात्र रेस मनाप्रमाणें उतरवूं नये. तेथें यंत्रास लागणारे फेरे, बहुधा मिनिटास ५४०, राखलेच पाहिजेत.

आणखी एक इशारा. अधिक जोर मिळावा म्हणून गव्हर्नरची दांडी तारेनें बांधणें, वांकविणें, किंवा पंपावरील सील तोडून स्क्रू फिरविणें, हे प्रकार सर्वथैव टाळावे. दांडी अडकली तर इंजिनाचे फेरे आवरत नाहींत, व मोडतोडीचाच नव्हे तर जिवाचाही धोका संभवतो. दांडीचे सांधे पुसून स्वच्छ ठेवावे. बिघाड वाटल्यास पंप जाणत्या कारागिराकडून कसोटीवर लावून घ्यावा. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक यंत्रांत हें काम संगणकाकडे गेलें आहे. त्यांत घरच्या घरीं हात घालूंच नये.

रब्बी ज्वारीची पेरणी वाफशावर होते, आणि वाफसा मोजक्या दिवसांचा असतो. त्या दिवसांत इंजिन बंद पडलें, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षां हुकलेल्या पेरणीचा तोटा अधिक होतो. याकरितां आमच्या बंधूंनीं मोसमापूर्वींच दांडी, पंप व गव्हर्नर तपासून घ्यावे, आणि ट्रॅक्टर चालविणाऱ्या आपल्या मुलांस व गड्यांस इंजिनाचा आवाज ऐकून गिअर निवडण्याची संवय लावावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.