'बट'च्या अलीकडे आणि पलीकडे

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराला प्रश्न विचारला जातो : दुसऱ्या शहरात बदली झाली तर चालेल का? उत्तर येते, 'आय कॅन गो, बट आय मे नॉट गो इमिजिएटली.' उमेदवाराच्या मनात असते, 'जाऊ शकतो, फक्त थोडा अवधी लागेल.' ऐकणाऱ्याला मात्र वाटते, 'क्षमता आहे, पण लगेच निघण्याची खात्री नाही.' तोच आशय 'आय कॅन मूव्ह, बट आय वुड नीड अ मंथ' असा मांडला असता, तर अडचण अवधीची आहे, तयारीची नाही, हे सहज कळले असते. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. फरक पडला तो 'बट'नंतर आलेल्या छोट्याशा क्रियापदामुळे.

कॅन, कुड, मे, माइट, विल, वुड, शॅल, शुड आणि मस्ट ही इंग्रजीतील नऊ प्रमुख 'मोडल ऑक्झिलरी' क्रियापदे होत. शाळेत ती एकेक करून शिकवली जातात. रोजच्या बोलण्यात मात्र ती अनेकदा विरोध दाखवणाऱ्या जोडवाक्यात येतात. अर्ध्या वाक्यात काहीतरी मान्य करायचे आणि उरलेल्या अर्ध्यात आपले म्हणणे ठामपणे मांडायचे, अशी या वाक्यांची रचना असते. किती मान्य केले आणि किती ठामपणे सांगितले, हे मोडल ठरवते. मराठी माणूस इथेच अडखळतो, कारण कॅन, कुड आणि बऱ्याचदा मे या तिघांसाठी मराठीत एकच 'शकणे' पुरते. शुड आणि मस्ट या दोघांचे कामही एकट्या 'पाहिजे'वर भागते.

शंका नव्हे, कबुली

'ही मे बी यंग, बट ही नोज हिज जॉब' या वाक्यातील 'मे'चा अर्थ 'कदाचित' असा घेतला जातो. प्रत्यक्षात त्याच्या तरुण असण्याविषयी बोलणाऱ्याला मुळीच शंका नसते. 'तो वयाने लहान असेल, पण काम जाणतो' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या 'असेल'मध्येही शंका नसते, असते ती कबुली. समोरच्याचा मुद्दा मान्य करून आपला मुद्दा पुढे रेटण्याची ही सभ्य रीत दोन्ही भाषांत आहे. कार्यालयीन पत्रव्यवहारात ती फार उपयोगी पडते. 'युवर प्लॅन इज गुड, बट इट इज कॉस्टली' यापेक्षा 'इट मे कॉस्ट मोअर, बट इट विल सेव्ह टाइम' या वाक्यात आक्षेप आधीच मान्य केलेला असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष फायद्याकडे वळते.

'कुड'चा सापळा

'रस्ता बंद होता, पण आम्ही वेळेवर पोहोचू शकलो.' याचे इंग्रजी करताना बहुतेक जण 'बट वी कुड रीच ऑन टाइम' असे लिहितात. भूतकाळातील एखाद्या प्रसंगी प्रत्यक्ष साधलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीत सहसा 'कुड' वापरत नाहीत. तिथे 'वी वेअर एबल टु रीच' किंवा 'वी मॅनेज्ड टु रीच' म्हणावे लागते. 'कुड' चालते ते नेहमीच्या क्षमतेसाठी. उदाहरणार्थ, 'शी कुड स्विम वेल अॅज अ चाइल्ड, बट शी कान्ट नाऊ.' नकारार्थी 'कुडन्ट' मात्र दोन्हीकडे चालते.

न घडलेल्या गोष्टींचे गणित आणखी नाजूक आहे. आजारपणामुळे समारंभाला जाता आले नाही, तर 'आय वुड हॅव कम, बट आय वॉज इल' हे योग्य ठरते, म्हणजे 'आलो असतो, पण आजारी होतो'. त्याऐवजी 'आय कुड हॅव कम' म्हटले, तर 'येणे शक्य होते' असा अर्थ निघतो आणि दिलगिरीच लंगडी पडते. 'आय शुड हॅव कम, बट आय फरगॉट' यात तर 'यायला हवे होते' अशी चुकीची कबुली असते.

'नको' की 'कामा नये'?

सर्वांत महागात पडणारी गफलत 'मस्ट नॉट' आणि 'डोन्ट हॅव टु' यांतील आहे. होकारात 'मस्ट' आणि 'हॅव टु' जवळजवळ सारखे असले, तरी नकारात त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. 'यू डोन्ट हॅव टु कम ऑन सॅटर्डे, बट यू मस्ट सेंड द रिपोर्ट' म्हणजे येण्याची गरज नाही, अहवाल मात्र पाठवायलाच हवा. इथे 'यू मस्ट नॉट कम' असे लिहिले, तर सवलतीची मनाई होते. मराठीत 'यायला नको' असे मोघम म्हणून वेळ निभावते. इंग्रजीत लिहिण्यापूर्वी 'गरज नाही' म्हणायचे आहे की 'येता कामा नये', हे ठरवावेच लागते. औषधाच्या सूचनेत हा फरक जिवाशी गाठ घालणारा असतो : 'यू मे फील बेटर, बट यू मस्ट नॉट स्टॉप द टॅब्लेट्स.' यात 'बरे वाटेल' ही शक्यता आणि 'गोळ्या थांबवायच्या नाहीत' ही सक्ती आहे.

ब्रिटनमधील वाहतूक नियमांची पुस्तिका 'हायवे कोड' हा भेद काटेकोरपणे पाळते. तिच्यात 'मस्ट' वा 'मस्ट नॉट' असलेला नियम कायद्याने बंधनकारक असतो आणि तो मोडणे हा गुन्हा ठरतो. 'शुड' ही शिफारस असते. ती न पाळणे हा आपोआप गुन्हा होत नाही, पण न्यायालयात तिचा आधार घेतला जाऊ शकतो. इंटरनेटची तांत्रिक मानके लिहिणाऱ्यांनीही 1997 मध्ये मस्ट, शुड आणि मे यांचे नेमके अर्थ एका स्वतंत्र दस्तऐवजात ठरवून दिले.

दोन खुणा लक्षात ठेवाव्यात

पहिली खूण जोडशब्दांची. मराठीत 'जरी' आले की 'तरी' येतेच. त्या सवयीने 'ऑल्दो ही कॅन ड्राइव्ह, बट ही वोन्ट' असे वाक्य तयार होते. इंग्रजीत 'ऑल्दो' किंवा 'बट' यांपैकी एकच पुरतो.

दुसरी खूण उच्चाराची. साध्या वाक्यात 'कॅन' घाईत 'कन'सारखा उच्चारला जातो, तर 'कान्ट'वर जोर असतो. अमेरिकी बोलण्यात शेवटचा 'ट' अनेकदा ऐकूच येत नाही, त्यामुळे दूरध्वनीवर होकार-नकार ओळखण्यासाठी या आघाताचाच आधार घ्यावा लागतो. विरोध दाखवताना मात्र 'कॅन'ही ठासून म्हटला जातो : 'ही कॅन पे, बट ही वोन्ट.' देण्याची ऐपत आहे, दानत नाही, हे तिथे दोन आघातांतूनच सांगितले जाते.

इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी आपल्याला शक्यता सांगायची आहे, इच्छा, कर्तव्य की सक्ती, हे मराठीतच पक्के करून घ्यावे. 'आलो असतो', 'यायला हवे होते', 'येण्याची गरज नाही', 'येता कामा नये' या छटा मराठीजवळ आहेतच. त्या मनात स्पष्ट असल्या, की 'बट'च्या दोन्ही बाजूंना योग्य क्रियापद निवडणे फारसे कठीण राहत नाही.