अशोक नेमका कुठला?

बंगल्याच्या कुंपणालगत सरळसोट वाढलेलं, लांब नागमोडी कडांच्या पानांचं झाड दिसलं की आपण त्याला बिनधास्त 'अशोक' म्हणतो. खरं तर तो आसुपालव. संस्कृत नाटकांत सुंदरीच्या पायाचा स्पर्श होताच जो फुलतो तो अशोक वेगळा. त्याला आपल्याकडे सीतेचा अशोक म्हणतात आणि त्याला नारिंगी-लाल फुलांचे घोस येतात. साहित्याच्या वर्गात हा घोळ झाला तर फार तर एखादी उपमा बिघडेल. पण सीतेच्या अशोकाची साल आयुर्वेदात स्त्रियांच्या विकारांवर वापरतात, आणि बाजारात तिच्यात आसुपालवाच्या सालीची भेसळ होते. 'अशोकाची साल द्या' म्हणणाऱ्या बाईच्या पदरात काय पडेल, हा भाषेचाच प्रश्न आहे.

म्हणून मला वैज्ञानिक नावांबद्दल वाचावंसं वाटलं. सीतेचा अशोक म्हणजे सराका असोका. जगात कुठेही हे नाव घ्या, दुसरं झाड पुढे येणार नाही.

पूर्वी युरोपात एका वनस्पतीचं नाव म्हणजे लॅटिनमधलं अख्खं वर्णन असायचं: पानं अशी, देठ तसा, फूल अमुक रंगाचं. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली 'स्पेसीज प्लांटारम' या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं सुटसुटीत नाव दिलं. प्राण्यांसाठी तीच पद्धत त्याने १७५८ साली लावली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. (मराठी पाठ्यपुस्तकाने इथे 'जाती' हाच शब्द का निवडला असेल, असं वाचताना वाटतंच. इथे तिचा अर्थ, ढोबळमानाने, आपसांत प्रजनन करून पुढे प्रजननक्षम संतती देणारे जीव, इतकाच.) प्रजातीच्या वर कुल, मग गण, वर्ग, संघ आणि सर्वांत वर सृष्टी. शाळेत ही शिडी आपण सगळ्यांनीच घोकली आहे.

त्या शिडीतली मला आवडलेली पायरी म्हणजे कुल. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुलातले, हे मला ठाऊक नव्हतं. कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागला की चट्टा उठतो, काजूच्या कवचातलं तेल हाताची साल काढतं आणि बिब्ब्याने अंग उततं. घरातल्या बायकांना हे तिन्ही अनुभव माहीत असतात, फक्त ते एका घराण्याचे आहेत असं कुणी सांगितलेलं नसतं. वर्गीकरणाचा उपयोग इथे कळतो: एकाचा स्वभाव ठाऊक असला की त्याच्या भाऊबंदांचा अंदाज येतो.

आता नावं बघा. आंबा मँजिफेरा इंडिका आणि काजू अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले. 'मांगा' हा दक्षिण भारतातला शब्द पोर्तुगिजांमार्फत युरोपात गेला. मँजिफेरा म्हणजे 'आंबा धरणारी' आणि इंडिका म्हणजे भारतातली. ऑक्सिडेंटाले म्हणजे पश्चिमेकडचं. ते योग्यच, कारण काजू ब्राझीलचा. गोव्यात तो पोर्तुगिजांनी आणला, नंतर आपण त्याची फेणी केली. गंमत म्हणजे 'अ‍ॅनाकार्डियम' हे मुळात औषधवाल्यांनी बिब्ब्याला दिलेलं नाव. लिनियसने ते काजूला देऊन टाकलं.

चर्चमधल्या जुन्या गीतांमुळे माझ्या कानाला लॅटिनचा सराव आहे, व्याकरणाचा मात्र नाही. तरी एवढं लक्षात आलं की दुसरा शब्द बहुधा विशेषण असतो आणि ते पहिल्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. आपल्याकडे काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर होतं, तसंच.

पण नाव खरं बोलतं असं समजू नका. चिंच म्हणजे टॅमरिंडस इंडिका. पहिला शब्द अरबी 'तमर हिंदी'वरून आलेला, म्हणजे भारताचा खजूर, आणि वर पुन्हा इंडिका. दोनदा भारताची ठरलेली ही चिंच मूळची आफ्रिकेची! तरीही नाव बदलत नाही, कारण नियमाप्रमाणे आधी रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव टिकतं. अर्थ चुकला हे नाव काढून टाकायला पुरेसं कारण नाही. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. प्रत्येकाने आपापल्या परीने नाव दुरुस्त करायला घेतलं, तर पुन्हा आपण अशोकाच्या गोंधळात.

बदलतं ते नातं. लामार्कने पळसाला पांगाऱ्याच्या प्रजातीत घातलं होतं आणि नाव दिलं होतं एरिथ्रिना मोनोस्पर्मा. शेंगेत एकच बी, म्हणून मोनोस्पर्मा. पुढे पळस ब्युटिया प्रजातीत गेला, पण 'मोनोस्पर्मा' त्याच्याबरोबर गेलं. म्हणून पूर्ण नाव लिहिताना लामार्कचा उल्लेख कंसात येतो. कंस म्हणजे मूळ नामकर्ता हा, घर मात्र नंतर बदललं. जुन्या पुस्तकांत पळस 'ब्युटिया फ्रॉन्डोसा' म्हणून भेटतो. ते नाव नंतरचं, म्हणून मागे पडलं.

आसुपालवाचंही हेच झालं. तो कालपरवापर्यंत पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होता. डीएनए तपासल्यावर त्याची भावकी वेगळी निघाली आणि तो मोनून लाँगिफोलियम झाला. प्रजातीचं लिंग बदललं, म्हणून विशेषणाचं शेपूटही बदललं. रोपवाटिकांच्या पाट्यांवर आणि बऱ्याच पुस्तकांत अजून जुनंच नाव आहे, तेव्हा शोधताना दोन्ही बघा. आणि साल घ्यायची असेल तर पुडीवर 'अशोक' एवढंच लिहिलंय की 'सराका असोका', ते आधी वाचा.