हातचा येईपर्यंत

‘चिमा काय कामाची’ उलटं वाचलं तरी तेच राहतं, हे लहानपणी पहिल्यांदा कळतं तेव्हा केवढी मौज वाटते! १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या बघून मला आजही तशीच मौज वाटते. वाक्य कुणीतरी बसून जुळवलेलं असतं. ही संख्या मात्र सरळ गुणाकारातून येते. नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि त्याचा वर्ग करा.

उभ्या ओळींचा खेळ

वहीत १११ गुणिले १११ मांडून पाहा.

१११००
०१११०
००१११
१२३२१

प्रत्येक आडवी ओळ एक घर सरकते. त्यामुळे उभ्या रांगेत कडेला एकच एक येतो, पुढे दोन, मध्ये तीन आणि मग तितकेच कमी होत जातात. बेरीज म्हणजे फक्त एक मोजणं. नऊ एक घेतले की मधली रांग बरोबर नवावर पोचते, आणि कुठेही हातचा येत नाही.

दहावा एक घेतला की मधल्या रांगेची बेरीज १० होते. शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो. तिथले नऊ दहा होतात, पुन्हा हातचा, पुढचे आठ नऊ होतात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी बाजू शाबूत, डावी बिघडलेली. ही सममिती हातच्याने मोडते, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

पोटात काय आहे

पुन्हा त्या सतरा अंकी संख्येकडे. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग. संख्येला ८१ने भागही जातो, आणि ८१ने गुणलं तर येतो ९९९९९९९९९चा वर्ग! मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७. त्यातला ३ चार वेळा, बाकीचे दोन-दोन वेळा. म्हणून विभाजक ४५. उलटसुलट सारखीच वाचली जाणारी संख्या सम अंकी असेल तर तिला ११ने नेहमी भाग जातो. ही सतरा अंकी, इथे बाकी १ उरते.

गणितसारसंग्रह ते डोंबिवली

राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात हारासारखी उत्तरं देणारे गुणाकार आहेत: १२३४५६७९ × ९ = १११११११११, आणि २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१. हे दुसरं उत्तर म्हणजे सहा एकांचा वर्ग.

विसाव्या शतकात देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर याच वाटेवर आले. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर माहीत आहे. एकांच्या वर्गातून येणाऱ्या या संख्यांचं त्यांनी केलेलं बारसं मला त्याहून लोभस वाटतं. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून त्या ‘डेम्लो संख्या’. एकांच्या वर्गांची ही मालिका आज मांडतात तेव्हा हातच्याने मोडलेली दहावी संख्याही त्याच रांगेत असते.