दुधाचा खाडा आणि नवे वर्ष

नवे कॅलेंडर भिंतीवर लागले. जुने रद्दीत जाण्यापूर्वी एकदा त्याची पाने उलटून पाहा. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत दुधाचा हिशेब कॅलेंडरवरच असतो, आणि तो ठेवण्याची पद्धत मोठी गमतीची आहे. दूधवाला आला त्या दिवशी आपण काहीच लिहीत नाही. आला नाही त्या दिवसाच्या चौकोनात मात्र फुली मारतो आणि 'खाडा' लिहितो. म्हणजे वर्षातले ३५० दिवस थंडीपावसात तो माणूस भल्या पहाटे आपल्या दारात येऊन गेला, याची कागदोपत्री कुठेच नोंद नाही. नोंद आहे ती १५ खाड्यांची.

हिशेबाला ही पद्धत सोयीची आहे, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु आपला मेंदूही दिवसाची वही याच पद्धतीने लिहितो, आणि तिथे ती प्रकृतीला महाग पडते. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात या सदरात वजन, फिरणे, तंबाखू यांविषयी लिहावे असा रिवाज आहे. ते पुढे येईलच. आज या वहीविषयी.

मेंदूचा हा स्वभाव उगीच झालेला नाही. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांपैकी ज्याने झुडपातली सळसळ ऐकली तो वाचला. ज्याचे लक्ष फुलांकडे गेले आणि सळसळीकडे गेले नाही, तो वंश वाढवायला फारसा उरला नसावा. त्यामुळे धोका, अपमान, तोटा या गोष्टी मेंदू चटकन पकडतो आणि घट्ट धरून ठेवतो. रॉय बाउमायस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २००१ साली अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की, वाइटाचा मनावरचा जोर चांगल्यापेक्षा अधिक असतो. लग्नात ५०० माणसे जेवून तृप्त होऊन गेली, एक व्याही मठ्ठा आंबट होता म्हणाले. वधुपित्याला रात्री झोप येत नाही ती मठ्ठ्यामुळे.

दुसरी गोष्ट सवयीची. अगरबत्ती लावली की पहिली पाच मिनिटे वास येतो, पुढे ती जळत असूनही नाकाला कळत नाही. सुखाचेही तसेच. १९७८ साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांची पाहणी केली. ते शेजारच्या सामान्य माणसांपेक्षा विशेष सुखी आढळले नाहीत. उलट न्याहारी करणे, मित्राशी गप्पा मारणे यांसारख्या रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. घरात नवा फ्रिज आल्यावर पहिल्या आठवड्यात आपण तो उगाच उघडून पाहतो. पुढे आठवण होते ती थेट तो बिघडल्यावर.

शरीराच्या बाबतीत हे किती खरे आहे ते दवाखान्यात बसणाऱ्याला रोज दिसते. साठीच्या पुढे पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. एखाद्या रात्री लघवी पूर्ण तुंबते. ओटीपोट टणक झालेले, अंगाला घाम, बसवत नाही आणि आडवेही होववत नाही. अशा वेळी नळी घातल्यावर पिशवीत धार पडू लागते, तेव्हा रुग्णाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते ते मी देवळातही क्वचित पाहिले आहे. सावकार असो की हमाल, शब्द ठरलेला : "डॉक्टर, सुटलो!" हाच गृहस्थ साठ वर्षे दिवसातून पाच-सहा वेळा तेच काम विनासायास करत आला, तेव्हा त्याच्या मनात काय होते? बहुधा विजेचे बिल.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सारा शरीराला परत करतात. हे काम थांबले म्हणजे डायलिसिस करावे लागते. ते सहसा आठवड्यातून ३ वेळा, दर खेपेला सुमारे ४ तास. शिवाय पाणी मोजून प्यायचे. आमच्याकडचे एक मास्तर डायलिसिसवर होते. एका एप्रिलमध्ये ते मला म्हणाले, "रस्त्यानं जाताना कुणी माठातलं पाणी घटाघटा पिताना दिसलं ना, की मी उभा राहून बघतो. आता त्याचा राग येत नाही. त्यानं अजून एक भांडं प्यावं असं वाटतं." स्वतःला जे मिळत नाही ते दुसऱ्याला मिळताना पाहून बरे वाटणे, ही गोष्ट औषधाच्या पुस्तकात कुठल्या प्रकरणात घालायची ते मला ठाऊक नाही.

आणि २०२१ चा उन्हाळा आठवा. घराघरात बोटाला ऑक्सिमीटर लावून माणसे आकड्याकडे डोळे लावून बसली होती. ९३ चे ९५ झाले तर फोन करून नातेवाइकांना कळवत होती. कित्येकांचे वास घेणे गेले होते, फोडणी करपली तरी समजत नव्हते. तीन आठवड्यांनी प्रथम कोथिंबिरीचा वास आला म्हणून एक बाई जुडी हातात घेऊनच दवाखान्यात आल्या होत्या. ते यंत्र आज सेल काढून कपाटात पडले आहे. बोटाला लावले तर आकडा ९८ च येईल. विचारतो कोण?

फक्त खाडेच लिहिण्याने बिघडते काय, असा प्रश्न येईल. बिघडते ते प्रथम झोपेचे. पन्नाशी-साठीचे रुग्ण, विशेषतः नुकतेच निवृत्त झालेले, नेहमी सांगतात : पडल्यावर डोळा लागत नाही, पहाटे तीनला जाग येते आणि चक्र सुरू होते. भावाने वाटणीत काय केले, मुलगा फोन का करत नाही, पेन्शनचा कागद कुणी अडवला. संकटाच्या वेळी ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात वाढतात. त्याने नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, अंग सावध होते. समोर लांडगा असता तर याचा उपयोग होता. पहाटे तीनला अंथरुणात लांडगा नसतो, वाटणीचा कागद असतो. पण शरीराला हा फरक कळत नाही. मग अंग दुखते, ॲसिडिटी वाढते आणि माणूस झोपेची गोळी मागायला येतो.

या वहीची दुसरी बाजू मुद्दाम लिहिली तर काय होते, हे शास्त्रज्ञांनी पाहिले आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यातला सर्वांत माहीत असलेला. विद्यार्थ्यांचे गट केले आणि त्यांना सुमारे १० आठवडे, आठवड्यातून एकदा लिहायला सांगितले. एका गटाने ज्यांबद्दल ऋणी वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने किरकिरी लिहायच्या, तिसऱ्याने काहीही घडलेले. पहिल्या गटाला पुढच्या आठवड्याविषयी अधिक उमेद वाटत होती. किरकिरी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांच्या शारीरिक तक्रारी कमी होत्या आणि व्यायामही ते अधिक करत होते. नसा-स्नायूंचे जुने आजार असलेल्या प्रौढांनी २१ दिवस रोज असे लिहिले, तेव्हा त्यांना झोप अधिक आणि ताजेतवाने करणारी लागली. आजार तोच राहिला, हे लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये २००९ साली सुमारे ४०० जणांच्या पाहणीत असे दिसले की, कृतज्ञ स्वभावाची माणसे बरी झोपतात, कारण पडल्यावर त्यांच्या मनात येणारे विचार वेगळे असतात. आपली आजी रात्री दिवा लावून, हात जोडून, "आजचा दिवस गोड गेला" म्हणत पडायची, ते आठवून पाहा.

इथे एक धोक्याची सूचना द्यायची आहे, आणि ती मी थोड्या रागाने देतो आहे.

कृतज्ञता ही स्वतःच्या मनात उगवायची गोष्ट आहे, दुसऱ्याकडून वसूल करायची नव्हे. आपल्या घरांतून ती पुष्कळदा तोंड बंद करण्यासाठी वापरली जाते, आणि बहुतेक वेळा बायकांचे. चाळिशीच्या एक बाई आल्या, जिना चढताना धाप, पायांत गोळे, सारखी चिडचिड. बरोबर आलेला माणूस म्हणाला, "घरात सगळं आहे. हिला काय कमी आहे तेच कळत नाही." रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७. काय कमी होते ते केसपेपरवर लिहिले : लोह. सहा महिने अंगावर जास्त जात होते आणि 'सुखात असून कुरकुर करते' हे ऐकावे लागेल म्हणून बाई बोलल्या नव्हत्या. अशा वेळी तिला समाधानाचा पाठ देणारा माणूस तिचे आयुष्य कमी करत असतो.

काही जण हा पाठ स्वतःलाच देतात. "देवाच्या दयेनं बरं आहे, डॉक्टर," असे म्हणत शेतकरी समोर बसतो आणि चार वेळा खोदून विचारल्यावर सांगतो की महिनाभर चढ चढताना छातीत भरून येते. देवाची दया मान्य करून छातीचे सांगता येते. दवाखान्यात तक्रार करणे हा कृतघ्नपणा नाही. तिथे खाडेच सांगायचे असतात, आमचा धंदाच खाड्यांचा आहे.

तसेच, ज्याला खरोखर नैराश्याचा आजार आहे त्याला वहीत चांगल्या गोष्टी लिहायला लावून भागत नाही. २०२१ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात नैराश्य आणि चिंता यांवर या उपायाचा परिणाम थोडासाच दिसला. दोन आठवडे सतत मन उदास, कशातच रस नाही, अन्न-झोप उडालेली, जगणे नको असे विचार, ही लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे जावे. जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. रक्तदाबाची गोळी मन प्रसन्न झाले म्हणून बंद करू नये, हेही सांगून ठेवतो, कारण जानेवारीत असे करणारे दरवर्षी भेटतात.

आता करायचे काय, ते. नवी वही, झरणी, पहाटे पाचचा गजर यांची गरज नाही. तेच दुधाचे कॅलेंडर पुरते. रात्री पडण्यापूर्वी त्या तारखेच्या चौकोनात एक ओळ लिहा. 'आई-वडील, आरोग्य, देव' अशी यादी नको, ती तीन दिवसांत पाठ होते आणि अगरबत्तीसारखी विरते. त्या दिवशीचे, नेमके लिहा. 'एस.टी. चुकली होती, कंडक्टरने घंटी मारून थांबवली.' 'गुडघा आज देवळाच्या पायऱ्यांवर बोलला नाही.' 'सूनबाईंनी न सांगता चहा कमी साखरेचा केला.' शक्य तिथे ते कुणामुळे घडले तेही लिहा. पहिला आठवडा रोज, मग फक्त रविवारी. सोन्या ल्युबोमिर्स्की या अभ्यासिकेला असे आढळले की, आठवड्यातून एकदा हा उपक्रम करणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा करणाऱ्यांना तो झाला नाही. कशाचीही रोजची हजेरी झाली की गोडी जाते.

लिहायला काही सुचत नसेल तर उलटे करून पाहा. ही गोष्ट नसतीच तर? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींना आपला जोडीदार आपल्याला भेटलाच नसता तर काय, हे लिहायला सांगितले. भेट कशी झाली हे लिहिणाऱ्यांपेक्षा ते आपल्या नात्याविषयी अधिक समाधानी आढळले. आपल्याकडे पत्रिका जुळली नसती तर, एवढा विचार पुरे. (काहींच्या मनात याने भलताच आनंद दाटेल, त्यांनी हा प्रयोग करू नये.)

बोलून दाखवण्याची मात्र आपल्याला अडचण आहे. मराठी घरात बायकोला कुणी 'आभारी आहे' म्हणत नाही; म्हटले तर ती काय झाले म्हणून घाबरेल. आभार हे सभेच्या शेवटी, लोक चहाकडे वळल्यावर मानायचे असतात. तरी आपल्या जुन्या रीतींत ते भरून होते. पोळ्याला बैलाची पूजा होते, खंडेनवमीला हत्यारांची. मी अजून त्या दिवशी स्टेथोस्कोपला हळदकुंकू लावतो, नव्या पिढीचे डॉक्टर हसतात. घरात 'आभार' नको असेल तर "बरं झालं तू आलास", "आज आमटी झकास", "दमलीस का?" एवढे शब्द पुष्कळ होतात. बाहेरच्यांसाठी मात्र थोडे धाडस करावे. मार्टिन सेलिगमन यांनी २००५ साली तपासलेला एक उपाय असा : ज्याचे उपकार आहेत पण ज्याला कधी नीट सांगितले नाही, त्याला पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यायचे. तपासलेल्या उपायांत तात्काळ परिणाम याचाच सर्वांत मोठा दिसला आणि तो महिनाभर टिकला.

१४ जानेवारीच्या सुमारास तिळगूळ घेऊन आपण घरोघर जाणारच आहोत. त्यातले एक घर यंदा ठरवून निवडा. शाळेतले एखादे सर, फीसाठी थांबलेले. बाळंतपणात धावून आलेली शेजारीण. अपघातात उचलून नेणारा रिक्षावाला. अशा बऱ्याच जणांची वये आता सत्तरीपुढे आहेत. पत्र एका पानाचे पुरे, अक्षर थोडे मोठे काढावे. आणि जमल्यास ते तिथेच वाचून दाखवावे. मध्येच आवाज अडकला तर पाणी मागून घ्यावे. दोन पेले मागावेत, समोरच्यालाही लागेल.